इंदूबाईंचा सत्कार

"मीटर बघून झालं असेल तर चहा घेऊन जा हो भाऊ," आई मला म्हणाली.

मी तेव्हा तिचे पाय मांडीवर घेऊन तिची नखं कापत होतो. लाईट बोर्डाचा माणूस मीटर बघायला येतो आणि जाता जाता घरातल्या म्हातारीची नखं कापून देतो, यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. उलट कौतुकच वाटत होतं.

"हल्लीची पोरं चांगली आहेत," ती विजयाला म्हणाली. "आधीचा मीटरवाला नुसता खेकसायचा."

विजया माझी बायको. तिला आई बालवाडीतली सखूमावशी समजायची. ही सखूमावशी पोरांची तोंडं धुवायची, अंगण झाडायची आणि वारून पंधरा-वीस वर्षं झाली होती. विजया चहा ठेवून हळूच मला म्हणाली, "तुम्हाला निदान बोर्डात चिकटवलंय. मी आपली झाडूवालीच."

आम्ही हसलो. तेव्हा आम्ही बऱ्याच गोष्टींना हसायचो. नाही हसलो तर दुसरं काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

माझी आई म्हणजे इंदुमती म्हेत्रे. गावात मात्र तिला इंदूबाई, नाहीतर नुसतं बाई. बालविकास मंडळाच्या बालवाडीत तिनं अख्खी नोकरी काढली. गावातला तिशी-पन्नाशीचा जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्यासमोर ओली चड्डी घेऊन उभा राहिलेला होता. पुढं यातले काही जण गाड्या उडवायला लागले, काही जण भाषणं करायला लागले, पण आई रस्त्यानं चालली की सगळे सिगारेटी पाठीमागं लपवायचे.

मग आईचं विसरणं सुरू झालं. आधी आमटीतलं मीठ विसरली. मग मंडईतून घरी यायचा रस्ता. मग बाबा गेलेत हे विसरली. "हे कुठं गेले?" म्हणून विचारायची, आणि आम्ही खरं सांगितलं की नव्यानं रडायची. दर दोन-चार दिवसांनी बाबा पुन्हा मरायला लागले तेव्हा आम्ही सांगणंच बंद केलं. "सांगलीला गेलेत," म्हणायचो. "एवढ्या उन्हाचं कशाला?" एवढंच म्हणून ती गप्प बसायची.

मग एका सकाळी तिनं मला विचारलं, "मीटर बाहेर आहे, तुम्ही आत कुठं आलात?"

मला फार काही नको होतं. ती बरी होईल असं डॉक्टरही म्हणत नव्हते. मला फक्त एकदा, माझ्या तोंडाकडं बघून तिनं 'दिगू' म्हणायला हवं होतं. एकदाच. पुढं मग मीटर म्हण, पाणीपट्टी म्हण, काय म्हणेल ते मी बघायला तयार होतो.

डॉक्टर अशोक भंडारेला मी हे बोललो. अशोक माझ्याच वयाचा, म्हणजे आईच्याच हाताखालून गेलेला.

"खोटी आशा लावत नाही दिगू," तो म्हणाला. "पण जुनी जागा, ओळखीचे आवाज, यानं कधी कधी काहीतरी वर येतं. टिकत नाही. पण येतं. बालवाडीत नेऊन तर बघ."

"नेऊ म्हणतोस?"

"ने. तिनं कुणाला ओळखलं नाही तरी निदान फिरणं होईल."

आणि त्याच आठवड्यात हणमंतअण्णा तारळेकर माझ्या दुकानात आले.

माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, पुण्यतिथी, गणपती, जे काही गावात होतं ते आधी माझ्या दुकानात होतं. अण्णा म्हणजे आमचे नगराध्यक्ष. त्यांच्या नुसत्या वाढदिवसांवर माझ्या पोरीचं कॉलेज झालं.

"दिगू, बाईंचा सत्कार करायचाय," खुर्ची ओढत अण्णा म्हणाले. "सगळे जुने विद्यार्थी. बालवाडीतच. शाल, नारळ, मानपत्र, सगळं."

"अण्णा, तिला आता काही कळत नाही हो."

"आरं, सत्कार घेणाऱ्याला कळून काय करायचंय? गावाला कळलं म्हणजे झालं."

हे ते अगदी मनापासून म्हणाले. तीन महिन्यांवर निवडणूक होती, पण तेवढ्यासाठीच आले होते असंही नाही. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की लहानपणी बाईंनी त्यांचं नाक पुसलं होतं तेवढं पुढं कुणीच पुसलं नाही, आणि डोळ्यांत पाणी आणलं. मला अशोकचं बोलणं आठवलं. मी हो म्हणालो.

"फ्लेक्सवर बाईंचा फोटो मोठा टाक," अण्णा म्हणाले.

मी टाकला.

"एवढा नको. मग आम्ही कुठं बसायचं?"

मी लहान केला. मग एकवीस जणांच्या कमिटीचे फोटो आले. प्रत्येकाचे हात जोडलेले. दुपारी सदाशिव गायकवाड आला. सदा अण्णांचा विरोधक. एका गटारावरून दोघांत भांडण झालं आणि ते गटार कोर्टात जाऊन बसलं. आठ वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

"त्या हणम्याच्या शेजारी माझा फोटो नको," सदा म्हणाला.

"लांब टाकतो."

"आणि त्याच्यापेक्षा लहानही नको."

"पट्टी लावून टाकतो."

"बाईंच्या भोवती फुलंबिलं टाक की रे. सुनंसुनं वाटतंय."

आईचा फोटो माझ्याकडं एकच बरा होता, तिच्या तरुणपणातला, काळा-पांढरा. तो वर मधोमध ताटाएवढा बसला. भोवती झेंडूची चौकट. खाली हात जोडलेली बावीस माणसं, डाव्या टोकाला अण्णा, उजव्या टोकाला सदा. मजकूर कमिटीनं दिला: 'आमच्या लाडक्या बाईंना कृतज्ञतापूर्वक वंदन'. तारीख आणि वेळ खाली बारीक अक्षरात, कारण वरची जागा फोटोंनीच खाल्ली होती. अण्णांची पोरं संध्याकाळीच तो चौकात बांधून आली.

आमच्या गावात फ्लेक्स कुणी वाचत नाही. बघतात. काळा-पांढरा फोटो, भोवती झेंडू, खाली हात जोडलेली माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयानं दार उघडलं तर दारात शेजारच्या गल्लीतल्या अक्काताई महिंद. हातात झाकलेलं पातेलं.

"विजे, काय झालं गं एकदम?" म्हणाल्या, आणि पातेल्यासकट रडायलाच लागल्या.

"कशाचं काय झालं?"

"असं मनात ठेवू नको. रडून घे. पिठलं-भाकरी आणलीय. आज चूल पेटवू नको."

विजयाला काही उमगेना. अक्काताई तिला बाजूला सारून आत आल्या. आत आई कॉटवर बसून वेणी घालत होती.

अक्काताई जागच्या जागी खालीच बसल्या. मी पातेलं धरलं म्हणून पिठलं वाचलं.

आई उठली. अक्काताईंच्या शेजारी जमिनीवर बसली. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "उगी, उगी. घरात मयत झालंय वाटतं तुमच्या?"

अक्काताईंनी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"कोण गेलं?" आईनं मला विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो.

"असं म्हणू नये भाऊ. बाई एवढी रडतेय, म्हणजे कुणीतरी गेलंच असणार." मग परत अक्काताईंकडं वळून, "वय किती होतं?"

दुपारपर्यंत पाच घरचं पिठलं आलं. लोकांना दारातच थांबवून सांगावं लागत होतं की आई आहे, बरी आहे. काहींना आनंद झाला. काही जण हातातल्या हाराचं काय करायचं म्हणून उगाच उभे राहिले. तालमीतल्या दोघांनी तर बांबू आणले होते, ते त्यांनी परत नेले, पण जरा नाराजच दिसले. विजया म्हणाली, "अहो, ही सुतकाची भाकरी टाकायची का?" मी म्हणालो, असलं अन्न टाकत नाहीत आणि ठेवतही नाहीत.

तेवढ्यात आईनंच ताट ओढून घेतलं. पिठलं तिला फार आवडायचं. तिनं भाकरी चुरून पोटभर खाल्ली, ताट स्वच्छ पुसलं आणि म्हणाली, "जो कोण गेला असेल, त्याचं भलं होवो. पिठलं चांगलं होतं."

विजया मोरीत जाऊन रडली. मी फ्लेक्स उतरवायला चौकात गेलो. अण्णांची पोरं म्हणाली, राहू दे की, सगळ्या गावात जाहिरात झाली.

सत्कार रविवारी होता. बालवाडीची इमारत तीच, लांबट, कौलारू, पुढं अंगण आणि लोखंडी गेट. आम्ही पोचलो तेव्हा अण्णा मंडपवाल्याशी फोनवर भांडत होते. मंडपवाल्यानं आमच्या खुर्च्या एका बारशाला पाठवल्या होत्या, आणि बारशाचा पाळणा आमच्याकडं. तो फुलांनी सजवलेला पाळणा आतल्या मोठ्या खोलीत, स्टेजवर मधोमध उभा होता, आणि हलवायला कुणी तयार नव्हतं, कारण त्याचं भाडं कुणाच्या नावावर लागेल ते ठरलं नव्हतं.

शेवटी बालवाडीतल्याच खुर्च्या काढल्या. लाल, निळ्या, वीतभर उंचीच्या. नगराध्यक्ष, नगरसेवक, डॉक्टर, दोन वकील, सराफ, सगळे त्या खुर्च्यांवर बसले. गुडघे कानाला लागलेले. एका वकिलाची खुर्ची त्याच्याबरोबरच उठायची.

आई गाडीतून उतरली तेव्हा माझा हात घट्ट धरून होती. वाटेत दोनदा म्हणाली होती, "भाऊ, मला घरी सोडाल ना?" पण गेटातून आत आल्यावर तिनं हात सोडला. थांबली. पदर ओढून कमरेला खोचला. आणि जो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता त्या आवाजात म्हणाली,

"हा गोंधळ कसला चाललाय?"

सगळे गप्प झाले. दोघा-तिघांचे हात आपोआप बांधले गेले.

अशोक मागं उभा होता, त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. काहीतरी वर आलं होतं.

आईला स्टेजवर पाळण्याशेजारी बसवलं. अण्णांनी माईक घेतला. "सन्माननीय व्यासपीठ, आणि आम्हा सर्वांच्या परमपूज्य," अशी सुरुवात करून ते बाईंवरून हळूहळू रस्त्यांच्या कामांवर आले. बोलताना अण्णा कायम एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलतात. हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि त्यावर बोलायची कुणाची हिंमत नव्हती.

"हणमंत," आई म्हणाली.

अण्णा थांबले.

"शू आलीय का?"

"नाही बाई."

"मग नाचतोस कशाला एका पायावर? जा, आधी जाऊन ये."

अण्णांनी आमच्याकडं बघितलं. मग माईक हळूच पाळण्यात ठेवला आणि खरंच गेले. हसायचं की नाही ते कुणाला ठरवता येईना. परत आल्यावर अण्णा खाली मान घालून म्हणाले, "बरं वाटलं बाई."

मग मात्र सगळे फुटले. सगळ्यांत जोरात सदा हसला.

"सदा," आई म्हणाली, "इकडं ये. आज परत चावलास का हणमंतला?"

"नाही बाई."

"खरं सांग."

"आईशप्पथ बाई. चावलो नाही. कोर्टात गेलोय फक्त."

"धर त्याचा हात. जोडी करा. सोडायचा नाही."

दोघांनी हात धरले. पन्नाशीची दोन माणसं, एक सत्ताधारी, एक विरोधक, हात धरून उभी राहिली, आणि बाईंनी सोडा म्हटलं नाही म्हणून कार्यक्रम संपेपर्यंत तशीच राहिली. नारळ देताना अण्णांचा उजवा हात मोकळा नव्हता, तर सदानं आपल्या उजव्या हातानं नारळाला टेकू दिला. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो आला, आणि त्यावरून दोन्ही पार्ट्यांत मोठी खळबळ झाली.

आई खाली उतरली. खुर्च्यांच्या रांगेतून फिरायला लागली. कुणाची कॉलर सरळ केली, कुणाच्या कानामागं बघितलं. "कान धुतोस की नाही?" सराफ म्हणाला, "धुतो बाई," आणि दोन्ही कान झाकून घेतले. एकेकाचं नाव घेत होती. नाव, आडनाव, कुणाची कुठली खोडी. एकही चुकत नव्हतं. जे तिला दोन वर्षांत घरात सापडलं नव्हतं ते इथं ओळीनं मांडून ठेवलेलं होतं.

अशोकपाशी थांबली. डॉक्टर, एम.डी., तालुक्यातला सगळ्यांत मोठा दवाखाना.

"भंडाऱ्यांचा अशोक ना रे तू? आज रडला नाहीस?"

"नाही बाई."

"शहाणा माझा," म्हणून तिनं त्याचा गालगुच्चा घेतला. अशोकनं चष्मा काढला आणि पुसायला रुमालच सापडेना.

मी माईकवाल्याच्या शेजारी, भिंतीला टेकून उभा होतो. ती एकेक ओळ संपवत माझ्याकडं येत होती. मला वाटलं, आता येणार. एवढी सगळी आली, मग मीही येणार. मी केस नीट केले. शर्टाचं वरचं बटण लावलं. विजया लांबून बघत होती, तिनं पदर तोंडाशी धरला होता.

निवेदकानं तेवढ्यात घोळ घातला. त्याला वाटलं, हा क्षण फार मोठा करावा. "आणि आता," तो माईकवर म्हणाला, "बाईंच्या पोटचा गोळा, बाईंचे एकुलते एक चिरंजीव, आपल्या सर्वांचे लाडके फ्लेक्सवाले, दिगंबर म्हेत्रे! बाई, ओळखा पाहू, कोण हा?"

सगळी बालवाडी वळून बघायला लागली. मी पुढं झालो, आईच्या पाया पडलो आणि उभा राहिलो.

आईनं माझ्याकडं बघितलं. खूप वेळ. कपाळाला आठ्या घालून, खरंच प्रयत्न करून.

"दि..." मागून कुणीतरी कुजबुजलं.

"सांगू नका रे!" सदा ओरडला.

"बाई, दि... दि..." आता पाच-सहा जण म्हणायला लागले. अण्णांनी तर, मोकळ्या हातानं मिशी पिळून, माझ्या बाबांची नक्कल करून दाखवली.

आईनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. ती मला म्हणाली, अगदी नम्रपणे,

"तुम्ही कुणाचे पालक?"

माईक चालू होता. ते सगळ्या अंगणात ऐकू गेलं.

"असाच आलोय," म्हणालो.

"असं नका करू," ती म्हणाली. "पालकांनी वर्गात थांबायचं नाही. पालक दिसले की मुलं रडतात. बाहेर थांबा."

आणि मी बाहेर गेलो. त्या दिवशी तिचं सगळेच ऐकत होते.

बाहेर व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसलो. आत निवेदक काहीतरी बोलला, टाळ्या झाल्या. मग आईनं सगळ्यांना डबे उघडायला सांगितलं असावं, कारण चिवड्याच्या पुड्यांचा आवाज झाला आणि तिचा आवाज आला, "सांडू नका. सांडलं त्यानं उचलायचं."

मी रडत होतो. चाळीशी उलटलेला माणूस पायरीवर बसून रडतो तेव्हा येणारे-जाणारे कुत्र्याकडं बघतात, झाडाकडं बघतात. तसंच झालं. कार्यक्रम संपून एकेक जण बाहेर पडायला लागला. आई दारात उभी राहून एकेकाला सोडत होती. "सरळ घरी जायचं. हात धरून जा." अण्णा आणि सदा तसेच हात धरून गेटापर्यंत गेले. मी बघत होतो, गेटाबाहेर गेल्यावरही लगेच सुटले नाहीत. अशोक माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

अंगण रिकामं झालं. मंडपवाल्याचा टेम्पो येऊन पाळणा घेऊन गेला. विजया गाडीपाशी थांबली होती. आत आईनं खुर्च्या एकावर एक रचल्याचा आवाज येत होता. मग ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि मला बघून थबकली.

"अगं बाई! हे एक राहिलंच की!"

ती खाली माझ्या शेजारी, पायरीवर बसली. पदराच्या टोकानं माझं तोंड पुसलं. नाक पण पुसलं, जोरात, जसं पोरांचं पुसतात.

"रडू नको. कोण येणारे तुला न्यायला?"

मी गेटाकडं बघितलं.

"आई येणारे?"

मी मान हलवली.

"मग येईल की. त्यात रडायचं काय? आयांना होतो कधी कधी उशीर."

विजया जवळ आली. "आई, चला, घरी जाऊ या," म्हणाली. "ऊन उतरलं."

"सखू, तू जा पुढं," आई म्हणाली. "याची आई आल्याशिवाय मी कशी येऊ? लेकराला एकटं टाकून?"

मी विजयाला हातानंच थांब म्हणालो.

ही गोष्ट मी विजयालाही कधी सांगितली नव्हती. मी याच बालवाडीत होतो, आईच्याच वर्गात. इथं तिला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असा तिचा नियम होता. इतर पोरांना वाईट वाटतं म्हणून. मी म्हणायचो बाई. सगळ्या पोरांच्या आया येऊन जायच्या, आणि मी सगळ्यांत शेवटी राहायचो, कारण मला न्यायला बाहेरून कुणी यायचंच नव्हतं. शेवटचं पोर गेलं की ती खोलीला कुलूप लावायची, मग आम्ही अंगण ओलांडायचो, बाहेर पडून ती गेटाची कडी लावायची. कडी लागली की वाकून माझ्या कानात म्हणायची, "हं. आता आई म्हण."

सबंध दिवस मी त्या कडीच्या आवाजाची वाट बघायचो.

मी पायरीवरून उठलो. तिला हाताला धरून उठवलं, अंगणातून चालवत गेटाबाहेर आणलं. तीही आली, पोराबरोबर जातात तशी, माझ्या चालीनं. मी गेट ओढलं. कडी गंजली होती, दोनदा अडकली, मग तिसऱ्यांदा मोठा आवाज करून बसली. मी आईकडं वळलो. तिच्या कानाशी वाकलो.

"आई," म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग कडीकडं. तिचा चेहरा एकदम घाबरा झाला.

"अरे, कडी कशाला लावलीस?" ती म्हणाली. "तुझी आई आत बघायला येईल ना. बंद दिसलं तर परत जाईल ती."

तिनं स्वतःच कडी काढायला घेतली. तिच्या हातानं निघेना. मग मी काढली. गेट सताड उघडं केलं. ती मला परत आत घेऊन गेली, आणि आम्ही पायरीवर, होतो तिथंच बसलो.

ऊन कौलांवर गेलं होतं. रस्त्यानं कुणी बाई गेली की आई मान उंच करून बघायची. "ती का रे?"

"नाही."

"ती हिरव्या लुगड्यातली?"

"नाही."

"काळजी आहे की नाही काही या बाईला?" ती चिडून म्हणाली. "एवढं लेकरू ठेवून निघून गेली. नाव काय तुझ्या आईचं?"

"इंदुमती."

तिनं थोडा वेळ विचार केला. मला वाटलं, पण नाही.

"मी नाही ओळखत," म्हणाली. "नवीन असेल गावात. बरी आहे का वागायला? मारते?"

"नाही हो बाई. चांगली आहे."

"चांगली असती तर आली नसती आत्तापर्यंत?"

"काम असतं तिला. दुसऱ्यांची पोरं सांभाळायला लागतात."

"असू दे काम," आई म्हणाली. तिनं माझा हात आपल्या हातात घेतला, मांडीवर ठेवला, आणि गेटाकडं बघत राहिली. "येऊ दे तर खरी. चांगली बोलणार आहे मी तिला."

"बोला बाई," मी म्हणालो.